तलवारीच्या गोष्टी आणि आपला नगर जिल्हा

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात इतिहासावर चार पाने लिहिण्याचे काम आमच्याकडे आले आहे. इतिहास म्हटला की आजच्या पोरांच्या डोळ्यांपुढे आधी घोडा येतो, मग तलवार, मग सिनेमाचा पडदा. वंदना झाल्यावर पोरं विहाराच्या पायरीवर बसतात आणि नुकत्याच पाहिलेल्या पिक्चरच्या गोष्टी करतात. त्यातला एखादा हळूच विचारतो, "आपल्यात असा कोणी वीर होता का हो?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर जपून द्यावे लागते. आपण उत्तर दिले नाही तर पोरगं ते दुसऱ्या कुणाकडून तरी घेतं, आणि ते खरं असेलच असं नाही.

वीरांच्या गोष्टींचे वेड महाराष्ट्राला जुने आहे. आधी पोवाडे होते, मग बखरी आल्या, मग कादंबऱ्या. हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी घराघरात वाचली गेली आणि तिच्यावरून बाबुराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ चा. अलीकडे ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' वरून २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला, २०२० ला 'तान्हाजी' आला आणि शिवाजी सावंतांच्या 'छावा' वरून २०२५ ला त्याच नावाचा चित्रपट आला. संभाजीराजांना कैद करून १६८९ साली जिथे औरंगजेबापुढे उभे केले, तो बहादूरगड आपल्याच श्रीगोंदा तालुक्यात पेडगावला भीमेच्या काठी आहे. म्हणजे पडद्यावरची माती आपल्या जिल्ह्याचीच आहे. म्हणून ही गोष्ट इथूनच सुरू करू.

नगरचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने या किल्ल्याला वेढा घातला. आत हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबीबी होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यातले काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला खिंडार पडले. त्या खिंडारात चांदबीबी स्वतः तलवार घेऊन उभी राहिली, आणि रातोरात भिंत पुन्हा चढवली गेली. शेवटी १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला आणि किल्ला वाचला. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या खेपेला ती बोलणी करू पाहत होती, तर आपल्याच लोकांत अफवा उठली की राणी फितूर झाली. तिच्याच सैनिकांनी १६०० साली तिला मारले आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

मेडोज टेलर या इंग्रजाने १८७८ साली तिच्यावर कादंबरी लिहिली. लोकांनीही आपल्या परीने गोष्ट वाढवली. तोफेचे गोळे संपले तेव्हा तिने सोन्याचांदीची नाणी तोफेत भरून उडवली, असे सांगतात. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर जी तीन मजली इमारत दिसते तिला सगळे 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. वास्तविक ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. माणसाला वीराची आठवण ठेवायला जागा लागते, आणि जागा नसली की तो दुसऱ्याच्या कबरीला तिचे नाव देतो. यात लबाडी नाही, प्रेमच आहे. पण प्रेमाने सांगितलेली गोष्टसुद्धा तपासून घ्यावी लागते, हे आम्ही इथे शिकलो.

याच किल्ल्याची आणखी एक आठवण बौद्ध माणसाने ठेवावी अशी आहे. १९४२ च्या चळवळीत काँग्रेसचे पुढारी इथे कैदेत होते. पंडित नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिले, आणि त्यात चांदबीबीचीही आठवण आहे. त्यांच्याच बरोबर कैदेत असलेले आचार्य नरेंद्र देव मात्र वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाच्या कामात गुंतले होते. पुढे त्यांचा 'बौद्ध धर्म दर्शन' हा मोठा हिंदी ग्रंथ १९५६ साली बाहेर आला. ज्या तटावर तलवारी चालल्या, त्याच तटाच्या आत बसून एक माणूस बुद्धाचे तत्त्वज्ञान अभ्यासत होता.

चांदबीबीनंतर निजामशाही सावरली ती मलिक अंबरने. हा माणूस आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनेत आला आणि अखेर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. औरंगाबादच्या जागी पूर्वी जे खडकी शहर होते ते त्याने वसवले. जमिनीच्या साऱ्याची त्याने लावलेली पद्धत पुढे अनेक वर्षे लोकांच्या तोंडी राहिली. १६२४ साली नगर तालुक्यातल्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना एकदम हरवले. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या तळाभोवती चिखल केला, असे इतिहासकार सांगतात. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी या लढाईत त्याच्या बाजूने होते आणि शरीफजी इथेच पडले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' काव्यात या लढाईचे वर्णन आहे.

जहांगीर बादशहाला हा काळा गुलाम फार सलत होता. रणात तो हाती लागेना, तेव्हा बादशहाने चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. चित्रात मलिक अंबरचे मुंडके भाल्यावर टांगले आहे आणि बादशहा त्याला बाण मारतो आहे! मलिक अंबर १६२६ साली म्हातारपणाने वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. बादशहाच्या पदरचा चित्रकार काय दाखवतो आणि प्रत्यक्षात काय घडले, यातले अंतर ज्याला कळले त्याला पिक्चर पाहण्याची दृष्टी आली असे आम्ही म्हणू.

आता आपल्या माणसाकडे येऊ. जामखेड तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव; त्यांच्याच नावावरून २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्याच तालुक्यात खर्डा आहे. मार्च १७९५ मध्ये इथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे मराठे सरदार एकत्र आले होते. निजाम हरला, खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि जबर खंडणी व मुलूख देऊन सुटला. शाळेच्या पुस्तकात एवढे असते. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र यातली दुसरी गोष्ट जपून ठेवली.

ती अशी सांगतात. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेत शिदनाक महार आपले पथक घेऊन आला होता. त्याचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंच्या ओळीत लागला. झाले, कुरबूर सुरू झाली. महाराचा तंबू आमच्या शेजारी कसा, तो उठवा, म्हणून तक्रार पेशव्यांपर्यंत गेली. तेव्हा पाटणकर नावाच्या सरदाराने सुनावले की ही जेवणाची पंगत नव्हे, तलवारीची पंगत आहे. इथे जात पाहायची नसते. तंबू जागच्या जागी राहिला. पुढे लढाईत परशुरामभाऊ शत्रूच्या गराड्यात सापडले तेव्हा शिदनाकाने उडी घेऊन त्यांना वाचवले.

भाऊ त्या लढाईत जखमी झाले ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. बाकीची हकिगत परंपरेने आली आहे आणि ती परंपरा म्हणूनच आम्ही सांगतो. पण एक गोष्ट कोणी नाकारू शकणार नाही. उद्या मरायला सगळ्यांनी बरोबर जायचे, पण आज रात्री झोपायचे मात्र लांब, हा त्या काळचा कायदाच होता. त्या पाटणकरांचे बोल चांगले होते, पण तेही अर्धेच. तलवारीच्या पंगतीत जात नाही, म्हणजे जेवणाच्या पंगतीत आहे, हे त्यांनी कबूलच केले की! ती दुसरी पंगत मोडायला १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह आणि १९५६ सालची नागपूरची दीक्षा यावी लागली. आणि तरीही २०१४ साली याच खर्ड्यात आपल्या समाजातला एक शाळकरी मुलगा मारला गेला, आणि २०१७ साली आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले. खर्ड्याची गोष्ट १७९५ ला संपली असे म्हणायला आमची जीभ धजत नाही.

खर्ड्यानंतर तेवीस वर्षांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगाव झाले. कॅप्टन स्टाँटनची तुकडी आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या घोडनदीकाठच्या शिरूरहून रात्रभर चालून तिथे गेली होती. पोटात अन्न नाही, प्यायला पाणी नाही, अशा स्थितीत ती दिवसभर लढली. या लढाईची गोष्ट सांगताना आपल्यातले काही वक्ते आकडे फुगवतात. खरे असे की पेशव्यांची एकूण फौज सुमारे अठ्ठावीस हजार होती, पण गावात घुसून लढली ती तिच्यातली काही पथके. कंपनीची माणसे आठशेच्या वर होती, त्यांपैकी पावणेतीनशेच्या आसपास मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांत महारांबरोबर इतर जातींचे आणि धर्मांचे शिपाईही होते. एवढे खरे सांगितले तरी आपल्या पूर्वजांचे शौर्य तसूभर कमी होत नाही. विजयस्तंभावर कोरलेल्या अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. शिदनाकाचा तंबू उठवू पाहणाऱ्यांना तो दगडावरचा 'नाक' पुसता आला नाही. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले, ते याचसाठी. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्याच महारांची भरती इंग्रजांनी पुढे बंद केली होती, हेही ते विसरले नव्हते. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

तर पोरांना उत्तर मिळाले. होते, आपल्यात वीर होते. पण विहारात बसून एवढ्यावर थांबता येत नाही. आपण ज्यांना शरण गेलो ते तथागत स्वतः क्षत्रिय कुळातले, शस्त्रविद्या शिकलेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते पुन्हा वाचावे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ एकटा विरोधात उभा राहिला. वैराने वैर मिटत नाही, चौकशी करा, पंच नेमा, असे त्याचे म्हणणे होते. ठराव त्याच्याविरुद्ध गेला तरी तो लढायला तयार झाला नाही आणि देश सोडून गेला. पाण्याची पाळी आणि पाटाचे भांडण काय असते हे नगर जिल्ह्याला सांगायला नको. भरल्या सभेत, तलवारी म्यानातून निघत असताना, एकट्याने 'नाही' म्हणायला काय छाती लागत असेल!

सम्राट अशोकाचेही तसेच. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख धरून नेली गेली, हे त्याने स्वतःच शिलालेखात कोरून ठेवले आणि त्याचे दुःखही कोरले. २००१ साली त्याच्यावर हिंदी चित्रपट आला. त्यात तरुणपण, प्रेम आणि लढाया भरपूर आहेत. पश्चात्ताप झाला की चित्रपट संपत येतो. आपल्या दृष्टीने अशोकाची खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. विहिरी, झाडे, दवाखाने, धम्मलेख. पण त्यात घोडे धावत नाहीत, म्हणून ती पडद्यावर येत नाही.

म्हणून पालकांना आमची एवढीच विनंती. पोरांना पिक्चर बघू द्या, अडवू नका. घरी आल्यावर मात्र जवळ बसवून विचारा, यातलं खरं किती आणि रचलेलं किती? यात कोणाचा तंबू दाखवला नाही? एखाद्या सुट्टीत त्यांना भुईकोट दाखवा, भातवडी दाखवा, खर्ड्याला न्या. खर्ड्याच्या तटाखाली उभे राहून शिदनाकाची गोष्ट सांगा, आणि तिथेच रोहिणीच्या काठच्या त्या सभेचीही सांगा. दोन्ही गोष्टी ज्याला ठाऊक आहेत तो पोरगा कुणापुढे वाकणार नाही आणि कुणावर हातही उगारणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.