त्रुटी-हाताळणी (प्रणाली-प्रोग्रॅमिंग भाषांतील)

त्रुटी-हाताळणी : ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, यंत्रनियंत्रक अशी पायाभूत सॉफ्टवेअर ज्या भाषांत लिहितात (सी, सी++, एडा, रस्ट इ.), त्या भाषांत एखादे काम फसले तर ते कोणाला आणि कसे कळवायचे यासंबंधीची रचना. फाइल सापडत नाही, मेमरी संपते, डिस्कवरचे लिखाण अर्ध्यात तुटते. हे सारे नित्याचेच आहे. म्हणून भाषा घडवणाऱ्यापुढे दोन प्रश्न येतात. अपयश लपणार नाही याची हमी कोण देणार? आणि त्यावर काय करायचे हे कोण ठरवणार? पहिली जबाबदारी भाषेने सक्तीने घ्यावी आणि दुसरी, परिस्थिती ज्याला माहीत आहे अशा वरच्या कोडकडे सोपवावी, असाच आजवरच्या अनुभवाचा कौल आहे.

पहिल्या जबाबदारीचा उत्तम नमुना रेल्वेत सापडतो. उधना–जळगाव हा रेल्वेमार्ग दीर्घकाळ एकेरी होता. अशा एकेरी मार्गांवर परंपरेने टोकनची शिस्त असे. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने एकमेकांना बांधलेली असतात आणि एका वेळी एकच टोकन बाहेर निघते. ते टोकन हाती पडल्याशिवाय चालक पुढच्या टप्प्यात गाडी घालत नाही. तार तुटली तर टोकन निघत नाही आणि गाडी थांबते. इथे परवानगी म्हणजे ऐकायचा राहून जाईल असा निरोप नसतो. ती वस्तूच हातात असावी लागते.

सी भाषेत नेमके उलटे आहे. फंक्शन फसले की बहुधा उणे एकसारखी खूण परत येते आणि कारण ‘एर्नो’ या व्हेरिएबलमध्ये ठेवले जाते. खूण न पाहताही प्रोग्रॅम पुढे धावतो. खूण पाहिली तरी ती खरी असेलच असेही नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले की, लिनक्समध्ये डिस्कवर लिहिणे फसल्यावर ‘एफसिंक’ (लिखाण डिस्कवर पोहोचल्याची खात्री मागणारा कॉल) एकदा त्रुटी कळवतो. मात्र मेमरीतील न लिहिलेली पाने लिहिली गेल्यासारखी धरली जात असल्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘यशस्वी’ असे उत्तर येऊ शकते. पुन्हा प्रयत्न करणे सुरक्षित आहे, या समजुतीवर डेटाबेस उभा होता. अखेर पहिल्याच त्रुटीला थांबायचे आणि नोंदवहीवरून (लॉग) सावरायचे, असा बदल करावा लागला.

रस्टमध्ये (पहिली स्थिर आवृत्ती, मे २०१५) फसू शकणारे फंक्शन ‘रिझल्ट’ देते. त्या पेटीत एकतर मूल्य असते किंवा त्रुटी, आणि पेटी उघडल्याशिवाय मूल्य मिळत नाही. टोकनशी याचे नाते उघड आहे. प्रत्येक पायरीवर तपासणी लिहिण्याने कोड बोजड होतो, हा आक्षेप खरा आहे; पण २०१६ पासून रस्टमध्ये एका प्रश्नचिन्हाने त्रुटी वर पाठवता येते. ओघ फारसा मोडत नाही आणि फंक्शन कुठे फसू शकते ते वाचणाऱ्याला दिसतेही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१४ च्या एका अभ्यासात पाच वितरित प्रणालींतील १९८ बिघाड तपासले गेले. त्यांतील सर्वांत विध्वंसक बिघाडांपैकी ९२ टक्के, आधीच स्पष्टपणे कळवलेली त्रुटी चुकीची हाताळल्याने घडले होते. यांतल्या बहुतेक प्रणाली जावात होत्या, आणि जावा तर अनेक त्रुटींची दखल सक्तीने घ्यायला लावते. मग सक्तीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण मर्यादित. जावात रिकामा ‘कॅच’ (त्रुटी पकडणारा भाग) लिहिला की प्रोग्रॅम पुढे सरकतो. रस्टमध्ये त्रुटी आली असता रिझल्टमध्ये मूल्यच नसल्याने, मूल्य हवे असेल तर दुर्लक्षही कोडमध्ये लिहून करावे लागते. योग्य निर्णय सुचवणे मात्र कोणत्याच भाषेला जमणार नाही.

म्हणूनच तो निर्णय तळाच्या थराने परस्पर घेऊ नये. लिनक्सच्या गाभ्यात (कर्नल) रस्ट आणण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये आला, तेव्हा मेमरी न मिळाल्यास थेट ‘पॅनिक’ करून थांबणे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी अमान्य केले. गाभा थांबला तर सारे यंत्रच थांबते, हे मेमरी मागणाऱ्या लायब्ररीला कळत नाही. एरियान-५ या युरोपीय प्रक्षेपक यानाने अशा परस्पर निर्णयाची जबर किंमत मोजली. ४ जून १९९६ रोजीच्या उड्डाणात ६४ बिटी फ्लोटिंग-पॉइंट संख्या १६ बिटी पूर्णांकात मावली नाही. दिशादर्शक संगणकासाठी नियम ठरलेला होता : त्रुटी आली की प्रोसेसर बंद करायचा. राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर असल्याने तो क्षणभर आधीच बंद पडला होता. जी गणना फसली, तिची उड्डाणानंतर गरजही नव्हती. एरव्ही ‘शंका आली की थांबा’ हा नियम रास्त, कारण रुळावर उभी गाडी सहसा सुरक्षित असते. एरियानला तसे थांबण्याची सोय नव्हती, आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत ते नष्ट झाले.