निद्रानाश : लक्षण की कारण?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निद्रेचा विचार आला आहे. अतिनिद्रा मोडण्याचे जे उपाय तेथे सांगितले आहेत, त्यांत भय, चिंता व क्रोध यांची गणना आहे. आणि लगेच पुढे, हेच निद्रानाशाचेही हेतू जाणावेत, असे म्हटले आहे. म्हणजे मनःक्षोभ हे कारण व झोप जाणे हे कार्य. परंतु त्याच अध्यायात सुखदुःख, बल, ज्ञान, किंबहुना जीवितही निद्रेच्या अधीन मानले आहे. तेथे कार्यकारणाची दिशा उलटते. ग्रंथकाराला या दोहोंत विरोध वाटलेला दिसत नाही.

विसाव्या शतकातील वैद्यकाने मात्र पहिलीच दिशा दीर्घकाळ धरून ठेवली. मूळ मनोविकार हटला की झोप आपोआप येईल, ही समजूत रूढ होती. झोपेवरील स्वतंत्र उपचार त्यामुळे मागे पडले, आणि हे नुकसान लहान नव्हे. फोर्ड व कॅमेरो यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८,००० व्यक्तींच्या पाहणीतून दाखविले, की वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन्ही मुलाखतींत ज्यांचा निद्रानाश कायम आढळला, त्यांना नव्याने विषण्णताविकार जडण्याचे प्रमाण पुष्कळच अधिक होते. पुढे २०१३ च्या अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणात प्राथमिक व दुय्यम निद्रानाश हा भेदच सोडून देण्यात आला.

तथापि, चरकाची चिंता म्हणजेच आजचा ताण, हे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. चिंता ही चित्ताची क्रिया आहे; हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये वर्णिली ती उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया होती; आणि मराठीतील ‘ताण’ तर दोरीवरून मनावर आलेला शब्द आहे.