कोर्टलँड स्ट्रीट, १९३३: एकच व्हॉल्व्ह निवडताना

ऑक्टोबर १९३३, शनिवारची दुपार. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ग्रीनिच स्ट्रीटवरची उंच रेल्वे आत्ताच तुमच्या डोक्यावरून धडधडत गेली. तो खडखडाट विरायच्या आत कोर्टलँड स्ट्रीटच्या गोंगाटाने तुम्हाला गाठलं. या भागाला सगळे रेडिओ रो म्हणतात. दुकानादुकानाच्या दारात लाउडस्पीकर, प्रत्येकावर वेगळं स्टेशन, आणि प्रत्येक मालकाला आपला आवाज शेजाऱ्यापेक्षा मोठा हवा. फुटपाथवर खोकी मांडली आहेत: कंडेन्सर, कॉइल, बेकेलाइटची बटणं, जुन्या सेटमधून काढलेले ट्रान्सफॉर्मर. मंदीला चार वर्षं झाली. नवा सेट घेणारे थोडे, सुटे भाग चिवडणारे मात्र पुष्कळ.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथे सिंगल एंडेड ट्रायोड, म्हणजे स्पीकरला एकट्या ट्रायोडने वाजवणारा ॲम्प्लिफायर, म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव ३००बी. इथे ते उच्चारून उपयोग नाही. ३००बी १९३८ मध्ये येईल. त्याच्या आधीचा ३००ए वेस्टर्न इलेक्ट्रिकने याच वर्षी काढला आहे, पण तो सिनेमागृहाच्या प्रोजेक्शन खोलीत, भाड्याने दिलेल्या यंत्रणेत बसलेला असतो. तो काउंटरवर मिळत नाही. मला हे बरंच वाटतं. प्रसिद्ध नाव समोर नसलं की माणूस आकडे वाचतो.

दुकानात शिरा. काउंटरमागचा माणूस व्हॉल्व्हबद्दल बोलण्याआधी विचारतो, “घरी एसी आहे की डीसी?”

प्रश्न अगदी खरा आहे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ मध्ये इथून जवळच सुरू झालं, आणि त्या वारशामुळे मॅनहॅटनमधल्या कित्येक इमारतींत अजून डीसीच येते. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, प्रायमरी जळून जाते. एसी आहे असं सांगा, म्हणजे पुढचं बोलणं होईल.

तो चार व्हॉल्व्ह समोर ठेवतो.

पहिला ५०, म्हणजे १९२८ चा यूएक्स-२५०. या चौघांत सर्वांत ताकदवान, एकट्याने साडेचार वॅटच्या थोडं वर जाणारा. त्यासाठी त्याला प्लेटवर ४५० व्होल्ट लागतात आणि ग्रिडवर उणे ८४. एवढ्या दाबाला टिकणारे फिल्टर कंडेन्सर महाग, आणि ग्रिड हलवायला आधीच्या टप्प्याकडून ८४ व्होल्टांची उसळी हवी. शिवाय साडेसात व्होल्टांची फिलामेंट एसीवर तापवली की घुमघुम आवरायला त्रास होतो. तो बाजूला ठेवा.

दुसरा ४७. हा पेंटोड, आणि दुकानदाराला तोच विकायचा आहे. २५० व्होल्टांवर अवघे ३१ मिलिअँपिअर घेऊन २.७ वॅट देतो, आणि ग्रिडला साडेसोळा व्होल्टांची उसळी पुरते. म्हणजे आधीचा टप्पा साधा, खर्च कमी. स्वस्त सेटमध्ये तो का शिरला हे लगेच कळतं. पण कोष्टकातला प्लेट रेझिस्टन्सचा आकडा बघा: ६० हजार ओहम. स्पीकरचा कोन एकदा हलला की त्याला थांबवायला ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध कमी असावा लागतो. इथे तो लोडच्या आठपट आहे. कोन सुटतो आणि आपल्या मर्जीने डोलत राहतो. खालचे सूर फुगतात, वरचे टोचतात. (ॲम्प्लिफायरमध्ये निगेटिव्ह फीडबॅक वापरून हा दोष कमी करता येतो, पण घरी जुळणी करणाऱ्यांपर्यंत ती युक्ती अजून आलेली नाही.)

राहिले दोन ट्रायोड, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे.

४५ हा १९२९ चा. २५० व्होल्ट, ३४ मिलिअँपिअर, ग्रिडवर उणे ५०, ३९०० ओहमच्या लोडवर १.६ वॅट. प्लेट रेझिस्टन्स सुमारे १६०० ओहम. साधा, भरवशाचा, गेली चार वर्षं चांगल्या सेटांमध्ये जोडीने वाजणारा व्हॉल्व्ह. त्याच्या शेजारी २ए३, आरसीएने नुकताच आणलेला, अंगाने मोठा. आत एकच रुंद प्लेट, आणि तिच्यात फिलामेंटच्या बारीक तारांची दाट रांग. ही रांग नीट बघून घ्या, कारण काही वर्षांत कंपन्या एका मोठ्या प्लेटऐवजी दोन छोट्या प्लेट जोडून हाच व्हॉल्व्ह बनवू लागतील. तारा अनेक म्हणून इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, आणि प्लेट रेझिस्टन्स ८०० ओहमवर उतरतो. २५० व्होल्ट, ६० मिलिअँपिअर, ग्रिडवर उणे ४५, २५०० ओहमवर ३.५ वॅट.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. १.६ आणि ३.५ वॅट यांत कानाला साडेतीन डेसिबलांचाही फरक नाही. कळतो, पण फार नाही. मग वॅटसाठी २ए३ घ्यायचा का? नाही. तो घ्यायचा रेझिस्टन्स अर्धा आहे म्हणून, आणि ग्रिडला ४५ या व्हॉल्व्हपेक्षाही कमी उसळी लागते म्हणून. आधीच्या टप्प्यावर भार न वाढवता कोनावरची पकड वाढते. व्हॉल्व्हच्या निवडीत इतका सरळ फायदा क्वचितच मिळतो.

दुकानदार शेवटचा प्रयत्न करतो. एकच कशाला, दोन ४५ घ्या, पुश-पुल करा. त्याचं म्हणणं चूक नाही. दोघांनी करवत ओढावी तसं ते काम चालतं, दोन्हीकडचा डीसी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकमेकांना खोडतो, आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्येही काम भागतं. तरीही मी एकट्या व्हॉल्व्हच्या बाजूने आहे. सिग्नल दोन भागांत तोडायचा नाही आणि परत जोडायचा नाही. जी विकृती उरते ती बहुतेक दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराचाच वरचा सप्तक, आणि आवाज कमी केला की तीही कमी होत जाते. व्हायोलिनचा एकटा सूर अशा ॲम्प्लिफायरमधून ऐकताना मला जे समाधान मिळतं ते दुसरीकडे मिळालेलं नाही.

याची किंमत मात्र लोखंडात मोजावी लागते. २ए३ मधून ६० मिलिअँपिअर सतत एकाच दिशेने वाहतात, गाणं चालू असो वा नसो. १५ वॅट खर्चून साडेतीन मिळतात. तो डीसी ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने भरून टाकतो, म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. फट ठेवली की इंडक्टन्स घटतो आणि खालचे सूर जातात. ते परत आणायला गाभा मोठा आणि वेढे जास्त. काउंटरवरचे ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन करा. पुश-पुलसाठीचा, फट नसलेला, स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. एकट्या व्हॉल्व्हखाली तो निकामी आहे.

आणखी एक गोष्ट इथेच उरकून घ्या. ४५ आणि २ए३ यांचं चार पायांचं सॉकेट तेच, फिलामेंटचे अडीच व्होल्टही तेच. फक्त ४५ ला दीड अँपिअर लागतो, २ए३ ला अडीच. पॉवर ट्रान्सफॉर्मर अडीच अँपिअरचा घेतलात तर दोन्ही वाजवता येतील. बायसचा रेझिस्टर मात्र बदलायचा: २ए३ ला ७५० ओहम, ४५ ला साधारण १५००. ७५० वर ४५ लावलात तर तो त्याला झेपेल त्याहून जास्त करंट ओढेल आणि लवकर संपेल. फिलामेंटच्या दोन टोकांमध्ये एक छोटा पोटेन्शिओमीटर लावा आणि स्पीकरची घुमघुम सर्वांत कमी होईल तिथे फिरवून ठेवा.

स्पीकर इथे बहुधा फील्ड कॉइलचाच मिळेल. तीच कॉइल पॉवर सप्लायमध्ये चोक म्हणूनही काम करते, त्यामुळे एक भाग वाचतो. हलक्या कागदी कोनाला साडेतीन वॅट पुरून उरतात. उद्या रविवार आहे. दुपारी सीबीएसवर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची मैफल असेल, तर खोली भरून जाईल.

रेडिओ रो १९६६ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी पाडला गेला. २ए३ आणि ३००बी मात्र आजही नवे बनतात, त्यामुळे हीच निवड तुम्ही घरी बसून करू शकता. तेव्हा यादी करताना स्पीकर वर लिहा आणि व्हॉल्व्ह खाली. एका वॅटला ९८ डेसिबल देणारा स्पीकर २ए३ वर पूर्ण मोकळा वाजतो. ८८ चा स्पीकर तेवढाच वाजवायला दसपट, म्हणजे ३५ वॅट हवेत, आणि एकटा ३००बी आठ-नऊच्या आसपास थांबतो. तुमचा स्पीकर ९५ च्या खालचा असेल तर व्हॉल्व्हवर अजून पैसे घालू नका. आधी स्पीकर बदला, मग चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि उरलेल्या पैशांत २ए३.