शाप, इसार आणि साठेखत

दान दिलेल्या जमिनीला हात घालणाऱ्याला सुरतजवळच्या कामरेज परिसरात एके काळी कोर्टाची नव्हे, नरकाची भीती घातली जाई. नवसारीच्या चालुक्य शाखेतील युवराज श्र्याश्रय शिलादित्याने इ. स. ६९२च्या सुमारास दिलेल्या ताम्रपटात ‘कार्मणेय’ आहारातल्या (त्या काळच्या प्रशासकीय विभागातल्या) ओसुंभला गावातल्या दानाची नोंद आहे. हे कार्मणेय म्हणजेच तापीकाठचे कामरेज, असे अभ्यासक मानतात. अशा ताम्रपटांच्या शेवटी ठरलेली तंबी असे: ही जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन राहील. घेणाऱ्याच्या हाती पुरावा तांब्याचा आणि संरक्षण शापाचे.

पुढे कामरेज गायकवाडांच्या बडोदा संस्थानात, नवसारी प्रांतात मोडू लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ११ वर्षांनी हा भाग गुजरातेत गेला. मुंबई राज्याच्या १९४८च्या कूळकायद्याचे ६३वे कलम मात्र मागे राहिले. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला त्याने बंदी घातली आहे. म्हणून इथे घरासाठी प्लॉट घेणारा सर्वांत आधी बिनशेतीचा हुकूम मागतो.

शापाची जागा कायद्याने घेतली ती १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून. जागेतला सहज न दिसणारा दोष विक्रेत्याने सांगायचा, हक्काची कागदपत्रे दाखवायची. शिवाय आगाऊ दिलेल्या रकमेपुरता खरेदीदाराचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो. साठेखताने, म्हणजे विक्रीच्या नुसत्या कराराने, मात्र मालकी मिळत नाही. त्यासाठी खरेदीखतच लागते.

या कायद्याने विकली जाणारी वस्तू डोळ्यांसमोर आहे असे धरले होते. फ्लॅट आले आणि न बांधलेले घर विकले जाऊ लागले. सीमा मोजायच्या कशाच्या? आता राखायचे होते ते ग्राहकाचे पैसे.

महाराष्ट्राने १९६३मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येणार नाही, असे त्यात होते. गुजरातचा अशा सदनिकांचा कायदा १९७३चा. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ ठरवली, आणि ताबा रखडलेल्या ग्राहकाला ग्राहक मंचाचे (आताच्या ग्राहक आयोगाचे) दार उघडले.

तरी करार लिहीत बिल्डरच. हप्ता चुकला की ग्राहकाला जबर व्याज, ताबा लांबला तर बिल्डरला नाममात्र दंड. २०१६च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, दोघांना एकाच दराचे व्याज लावले. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करायचा. ताबा वेळेवर मिळाला नाही, तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो. इतके झाल्यावरही २०१९ साली पायोनियर अर्बन खटल्यात एकतर्फी कलमे म्हणजे अनुचित व्यापारप्रथा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

सुरत आता महामार्गाने कामरेजपर्यंत येऊन भिडले आहे. इथल्या प्रकल्पांची नोंदणी गुजरातच्या रेरा प्राधिकरणाकडे होते. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरची किंवा ८ घरांपर्यंतची छोटी योजना या नोंदणीतून सुटते. शेताच्या तुकड्यावरची चार-सहा रो-हाऊस नेमकी त्यात बसतात. ती घेणाऱ्याची भिस्त उरते ती १८८२च्या कायद्यावर, ग्राहक आयोगावर आणि स्वतः तपासलेल्या कागदांवर.