छाती उघडण्यापासून थुंकीच्या डबीपर्यंत

आमच्या हिंगोलीत खोकला हटेना की पहिला संशय टीबीचा. बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण पेशंटला एचआयव्ही असेल, केमो चालू असेल, किडनी बदललेली असेल किंवा स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल, तर न्यूमोनिया बुरशीचाही असू शकतो. तो ओळखायचा कसा, याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

यातली एक बुरशी म्हणजे न्यूमोसिस्टिस. 1909 साली ब्राझीलच्या कार्लोस शागास यांना ती गिनीपिगच्या फुप्फुसात दिसली, पण त्यांना वाटलं ही आपल्याच परजीवीची एक अवस्था. 1912 मध्ये पॅरिसच्या डेलानो दांपत्याने ती वेगळी असल्याचं दाखवलं. ही बुरशी आहे हे जनुकांवरून सिद्ध व्हायला मात्र 1988 उजाडलं!

अडचण अशी की ही बुरशी नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही. फुप्फुसातला नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. पूर्वी त्यासाठी छाती उघडून तुकडा काढत. आधीच धाप लागलेल्या माणसावर ही शस्त्रक्रिया! नंतर दुर्बीण आली. 5 जून 1981 ला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांमधला हाच न्यूमोनिया जाहीर झाला आणि जगाला एड्सची पहिली चाहूल लागली. पेशंट वाढले, तशी सोप्या तपासणीची गरजही वाढली. 1986 च्या सुमारास मिठाच्या पाण्याची वाफ देऊन खोलवरची थुंकी काढायची पद्धत रुळली. 1990 पासून त्यात पीसीआरची भर पडली. कोविडात आपल्या वाडी-तांड्यापर्यंत पोचलेला शब्द तो हाच.

रक्ताची तपासणीही आली. हॉर्सशू क्रॅब या सागरी जीवाचं रक्त बुरशीच्या भिंतीतल्या बीटा-ग्लुकानमुळे गोठतं, त्यावर ती बेतलेली. 2004 मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये ती निगेटिव्ह आली तर न्यूमोसिस्टिसची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्ह आली तरी बुरशी कोणती ते कळत नाही. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीसाठी गॅलॅक्टोमॅनन तपासणी आहे, आणि तिचं औषधही वेगळं. शिवाय एचआयव्ही नसलेल्यांत न्यूमोसिस्टिसचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे नुसत्या थुंकीत ती सापडेलच असं नाही. म्हणजे दुर्बीण कायमची सुटली असं नाही, पण प्रत्येकाला ती लागते असंही नाही.

आता खरी गोम. न्यूमोसिस्टिसवरचं मुख्य औषध को-ट्रायमोक्सॅझोल. जुनं, स्वस्त, प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळणारं. म्हणजे औषध गावात, निदान नांदेडला किंवा संभाजीनगरला! धाप लागलेल्या माणसाला हा प्रवास झेपत नाही. थुंकीची डबी आणि रक्ताची नळी मात्र कितीही लांब जाऊ शकते.

1 मे 1999 ला आपण परभणीतून वेगळे होऊन जिल्हा झालो. ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. इमारत, जागा, पदं यावर आपण बोलतोच. मला वाटतं, या तपासण्यांचीही मागणी करावी: इथे होत असतील तर उत्तम, नाहीतर नमुना पाठवून रिपोर्ट वेळेत मिळण्याची पक्की सोय. शंभर वर्षांत विज्ञानाने पेशंटची छाती उघडणं टाळलं. त्याची पायपीट टाळणं आपल्या हातात आहे.

पटलं तर आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोचवा.