वाऱ्याची छडी

ऑगस्ट २०००. 'गेमक्यूब' या नव्या यंत्राची ताकद दिसावी म्हणून निन्टेन्डोने जपानमध्ये एक छोटी चित्रफीत दाखवली. 'झेल्डा' या व्हिडिओ गेम मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅनॉनडॉर्फ यांची तलवारबाजी, अगदी खऱ्यासारखी. तो केवळ नमुना होता. चाहत्यांनी मात्र त्याला दिलेला शब्द मानलं. वर्षभराने खरा खेळ दिसला, तर लिंक टपोऱ्या डोळ्यांचा कार्टूनमधला पोरगा! चाहते चिडले.

तो खेळ २००२ च्या डिसेंबरात आला. त्याच्या जपानी नावात 'ताकुतो' आहे, म्हणजे वाद्यवृंद-संचालकाची छडी. इंग्रजीत वारा राहिला, छडी गेली: 'विंड वेकर', वाऱ्याला जागवणारा. मी अनुवादक, या खेळाकडे वळले ती या नावामुळे.

अमेरिकेत विक्री मंदावली. दिग्दर्शक एइजी आओनुमा यांनी त्याच शैलीतला पुढचा खेळ बाजूला ठेवला. २००४ मध्ये लॉस एंजेलिसला वास्तववादी 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ची झलक दिसली आणि सभागृह आनंदाने ओरडलं. रसिक जिंकले, असं वाटावं.

पण २०१३ मध्ये 'विंड वेकर' नव्या यंत्रासाठी पुन्हा निघाला, तेव्हा कार्टूनचा पोरगा कार्टूनच राहिला. एव्हाना त्या चित्रशैलीचं कौतुक होत होतं. बदललं ते दुसरंच काही. मूळ खेळात शेवटाकडे आठ नकाशे शोधायचे, टिंगल नावाच्या पात्राकडून ते उलगडून घ्यायचे आणि मग समुद्रातून तुकडे वर काढायचे. टिंगल एका नकाशाचे ३९८ रुपी घेई. (माझ्या व्यवसायात एवढा भाव कुणालाच मिळत नाही.) या रटाळ भागाबद्दल खेळणारे पहिल्यापासून कुरकुरत होते. नव्या आवृत्तीत उलगडायचे नकाशे तीनच उरले.

रसिकाची एक तक्रार खरी ठरली, दुसरी विरली. आपण कुठे कंटाळलो हे त्याला नेमकं कळतं. आपल्याला पुढे काय आवडेल, हे पाहिल्याशिवाय त्याला तरी कसं कळणार?

एका कन्नड कादंबरीच्या अनुवादात मला दोन सूचना आल्या होत्या: लांबलचक वाक्यं तोडा आणि आजीची बोली प्रमाण मराठीत आणा. मी दोन्ही मानल्या. पहिली योग्यच होती. पण छापील पुस्तकात ती आजी आता शाळेतल्या बाईंसारखी बोलते.