प्रयत्नाचीं नांवें

एकाद्या समाजानें प्रयत्नाला कोणतें नांव दिलें आहे, यावरून अपयशाविषयींची त्याची दृष्टि बरीचशी कळते. जपानी भाषेंतील ‘दोर्योकु’ हा शब्द दोन चिनी अक्षरांनीं लिहितात. बळाचें चिन्ह दोहोंतहि आहे. ‘बेन्क्यो’ म्हणजे आज अभ्यास; परंतु चिनी भाषेंत त्याचा अर्थ मनाविरुद्ध जुलमानें कांहीं करणें असा. ‘गाम्बारु’ हा सर्वांत रूढ शब्द. त्याची एक व्युत्पत्ति डोळे ताणून पहारा करणें अशी सांगतात, दुसरी आपलाच हेका धरणें अशी. जागा न सोडणें हा भाव दोहोंतहि आहे. एके काळीं दोषाकडे झुकणारा हा शब्द आज जपानांत प्रोत्साहनाचा झाला आहे. स्माइल्सच्या १८५९ च्या ‘सेल्फ-हेल्प’ या ग्रंथाचें नाकामुरा मासानाओ यांनीं १८७१ मध्यें भाषांतर केलें. मेइजी काळच्या तरुणांना त्यांत असें आश्वासन दिसलें कीं, माणूस कुळानें नव्हे, तर उद्योगानें थोर होतो.

आपले शब्द निराळे आहेत. ‘श्रम’ धातूचा अर्थच थकणें. ‘उद्योगां’त जुंपण्याचा ‘युज्’ धातु आहे. ‘मेहनत’ अरबींतून फारसीच्या वाटेनें आली; तिचा मूळ अर्थ कसोटी, संकट. समर्थांनीं दासबोधांत यत्नाची थोरवी गाइली, तर लोकमान्यांनीं १९१५ सालच्या ‘गीतारहस्यां’त त्याला कर्मयोगाचें अधिष्ठान दिलें.

परंतु या गौरवाला दुसरी बाजू आहे. यत्न यशाची किल्ली ठरला, कीं अपयशी मनुष्य आळशी ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यांत माणिकगडच्या डोंगरांतील जिवती पाहावी. कोलाम व गोंड हे तेथील जुने रहिवासी. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यांतून पुष्कळ कुटुंबें तेथें आलीं. एकांनीं जागा सोडली नाहीं, दुसऱ्यांनीं जगण्यासाठीं ती सोडली; श्रम दोघांनींहि केले. तरी पावसावर अवलंबून असलेली शेती आणि जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न यांपुढें केवळ घाम पुरा पडत नाहीं. त्यांच्या दारिद्र्याला आळस म्हणणें हा त्यांच्या श्रमांचा अपमान होय.

यत्नाचा उपदेश अवश्य करावा. पण तो करणारानें आधीं यत्नाला पाय ठेवण्यापुरती भूमि आहे कीं नाहीं, हें पाहावें. ‘श्रम’ या शब्दांत थकवा आहे, हें आपल्या पूर्वजांनीं लपविलें नाहीं.